गोडाची तल्लफ आणि मधुमेह: हात डब्याकडे जाण्याआधी काय पाहावे, आणि खायचेच तर कसे खावे

मधुमेहाचे निदान झाले की बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, चहा बिनसाखरेचा होतो आणि घरातली सगळी माणसे त्या एका माणसाच्या हाताकडे लक्ष ठेवू लागतात. पंधरा-वीस दिवस हे निभावते. मग एखाद्या रात्री सगळे झोपल्यावर तोच माणूस फ्रीज उघडून उभ्याउभ्या चार पेढे खातो आणि सकाळी उपाशीपोटीची शुगर पाहून स्वतःवरच चिडतो. माझी पहिली दोन वर्षे अशीच गेली, आणि ती तशी जायला नको होती असे आज मनापासून वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे फ्रीजच्या उजेडातला तो प्रसंग कितीतरी घरांत घडत असणार, आणि त्यातल्या बहुतेकांना आजवर ‘गोड बंद करा’ या तीन शब्दांपलीकडे काहीच सांगितले गेलेले नसणार.

मला सांगायचे आहे ते एवढेच, की गोडाची तल्लफ आली म्हणजे लगेच ती भागवू नये आणि लगेच दाबूही नये. ती कशामुळे आली हे आधी पाहावे. एकाच तल्लफेमागे चार वेगवेगळी कारणे असू शकतात आणि चारही ठिकाणी करायची गोष्ट वेगळी असते. एका ठिकाणी तर गोड खाणे हाच उपचार असतो.

आधी बोट टोचून पाहा

घरात ग्लुकोमीटर असेल तर तल्लफेच्या वेळी शुगर तपासण्याची सवय निदान महिनाभर तरी लावून घ्यावी. स्ट्रिपा स्वस्त नाहीत याची मला कल्पना आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी शक्य नसेल तर आठवड्यातून चार-पाच वेळा, वेगवेगळ्या प्रहरांना तपासावे. त्या आकड्याशेजारी वही घेऊन तीन गोष्टी लिहाव्यात: किती वाजले होते, शेवटचे काय आणि केव्हा खाल्ले होते, आणि त्या वेळी काय चालले होते. महिन्याभराने वही चाळली की आपली तल्लफ कुठल्या वेळेला येते हे डोळ्यांना दिसते. माझ्या वहीत सतरा नोंदींपैकी अकरा नोंदी दुपारी चार ते साडेपाच या वेळेतल्या होत्या, आणि त्या अकरांपैकी बहुतेक दिवशी मी दुपारचा डबा अर्धवट खाल्लेला होता. कुठल्याही डॉक्टरला ही गोष्ट मला पाहून सांगता आली नसती.

आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर ती तल्लफ नव्हे, शुगर उतरल्याची खूण आहे. हात थरथरणे, दरदरून घाम येणे, छातीत धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, विनाकारण चिडचिड होणे आणि एकदम खा-खा सुटणे ही तिची लक्षणे होत. इन्सुलिन घेणाऱ्यांत किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असणाऱ्यांत हे घडण्याचा संभव जास्त असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तो फार कमी असतो. अशा वेळी पथ्य आठवत बसू नये. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे चहाचे साधारण तीन चमचे, पाण्यात ढवळून प्यावे. ती जवळ नसेल तर तितकीच साखर पाण्यात घालून घ्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आकडा ७० च्या वर आलेला नसेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. जेवणाला अवकाश असेल तर नंतर अर्धी पोळी किंवा कपभर दूध घ्यावे. या प्रसंगी पेढा, बर्फी किंवा चॉकलेट कामाचे नाही, कारण त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते आणि तोवर घाबरलेला माणूस अर्धा डबा संपवून बसतो. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू आहेत त्यांनी साखरेऐवजी ग्लुकोज पावडरच जवळ बाळगावी, कारण या गोळ्या साध्या साखरेचे विघटनच लांबवतात. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नये. त्याला कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. आणि असा प्रसंग आठवड्यात दोनदा जरी आला, तरी औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. वारंवार गोड खाऊन तो निभावत राहू नये.

आकडा २५०-३०० च्या घरात असताना गोडाची आठवण येणे हेही नवल नाही, आणि ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रक्तात साखर भरपूर असते, परंतु इन्सुलिन कमी पडत असल्याने ती पेशींच्या आत जात नाही. भरल्या कोठाराशेजारी पेशी उपाशी राहतात आणि शरीर आणखी अन्न मागत राहते. त्याच्या जोडीला तहान लागते, लघवीला वारंवार जावे लागते आणि गळून गेल्यासारखे वाटते. अशा वेळी खाल्लेले गोड भूक भागवत नाही, आकडा तेवढा चढवते. पाणी प्यावे, सकाळची गोळी किंवा इन्सुलिन चुकले आहे का ते पाहावे, आणि आकडा दोन-तीन दिवस असाच राहिला तर डॉक्टरांना गाठावे. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर दोन-तीन दिवसही थांबू नये, त्याच दिवशी जावे. ज्यांची शुगर कित्येक महिने चढलेली होती आणि आता औषधांनी खाली येते आहे, त्यांना काही आठवडे ११०-१२० वरसुद्धा हात थरथरल्यासारखे वाटू शकते. शरीराला चढ्या आकड्याची सवय झालेली असते. तिथे ग्लुकोज पिऊ नये. मूठभर भाजलेले चणे किंवा वाटीभर दही खाऊन थोडा वेळ बसावे.

आकडा ठीक असेल तर उरतात दोन कारणे: खरी भूक आणि सवय. भूक असेल तर भाकरीसुद्धा चालते असे वाटते. सवय असेल तर तोच एक पदार्थ हवा असतो, त्या वेळेला, त्या जागी. जेवणानंतर पाच मिनिटांत पेढा हवासा वाटला तर पोट भरलेले असते हे उघड आहे. सवयीत मी कंटाळा, ताण आणि एकटेपणाही धरतो. रात्रीचे अपुरे झोपणेही धरतो, कारण झोप कमी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारे कमी होते, आणि दुसऱ्या दिवशी जीभ गोडाकडे धावते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, चालक, सुरक्षारक्षक यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

तल्लफ दुपारी येते, पण तिची सुरुवात सकाळी होते

आपली सकाळची न्याहारी पाहा: पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, शिरा, चहाबरोबर खारी किंवा बिस्कीट. सगळी कर्बोदके, आणि तीही लवकर पचणारी. साडेआठला खाल्लेल्या पोह्यांनी शुगर झपाट्याने वर जाते, मग उतरू लागते, आणि अकराच्या सुमारास काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते. पोहे सोडायची गरज नाही. वाटीभर पोह्यांत मूठभर शेंगदाणे, मटार, भरपूर कांदा-कोथिंबीर घालावी आणि सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा उकडलेले अंडे घ्यावे. पोह्यांचे प्रमाण मात्र वाटीपुरतेच ठेवावे. मुगाचे धिरडे, भाजणीचे थालीपीठ आणि दही, किंवा बेसनाचे पोळे हे आणखी बरे. प्रथिने आणि चोथा पोटात असला की अकराची हाक मंद होते, हा माझा वहीतला अनुभव आहे आणि आहारशास्त्रही तेच सांगते.

दुपारच्या जेवणात पदार्थांपेक्षा क्रम बदलावा. आपल्या ताटाची पद्धत पहिला वरणभात घेण्याची आहे. तो मागे न्यावा. आधी काकडीची, गाजराची किंवा मुळ्याची कोशिंबीर, मग पालेभाजी किंवा उसळ, आणि मग पोळी-भाकरी व भात असे खाल्ल्यास तेच अन्न खाऊनही जेवणानंतरची शुगर कमी चढते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डाळी, उसळी आणि फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्यांच्यासाठी इथला प्रत्येक सल्ला जसाच्या तसा लागू नाही. जेवण मात्र कोणीच चुकवू नये. दुपारचा डबा न खाता केलेली बचत संध्याकाळी फरसाण आणि जिलबीच्या रूपाने बाहेर पडते.

चहा

चहाला मी स्वतंत्र जागा देतो आहे, कारण माझ्या मते मराठी घरातली निम्मी लढाई कपात आहे. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे धरले तर दहा चमचे होतात. चहाच्या चमच्यात चार ते पाच ग्रॅम साखर मावते, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. सगळ्या अन्नातून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, असे जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही सांगते. पेढ्याच्या एका तुकड्यावरून घरात वाद होतात, परंतु चहातल्या या साखरेला कोणी गोड खाणे म्हणतच नाही.

साखर एकदम तोडू नये. एकदम तोडलेला चहा आठ दिवस औषधासारखा पिऊन नवव्या दिवशी माणूस पुन्हा दोन चमच्यांवर येतो. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावा. दोन चमच्यांवरून शून्यावर यायला महिना लागतो, आणि तेवढ्या वेळात जीभ बदलते. पहिल्या दोन आठवड्यांत आले जरा जास्त ठेचून घालावे, वेलदोडा किंवा दालचिनीचा तुकडा टाकावा. या सुगंधांमुळे कमी साखरही गोड वाटते. साखर पातेल्यात घालण्याची पद्धत बंद करून कपात, मोजून घालावी, म्हणजे घरातल्या इतरांनाही आपला हात कळतो. महिन्याने कुणाच्या घरी नेहमीचा चहा प्यायल्यावर तो पाकासारखा लागेल. तेव्हा समजावे की जीभ वळली. त्याबरोबरच कपांची संख्या आणि सोबतची बिस्किटे कमी करावीत, कारण ‘डायजेस्टिव्ह’ लिहिलेल्या बिस्किटांतही मैदा आणि साखर असतेच.

आता गावोगावी ‘गुळाचा चहा’ अशी पाटी दिसते आणि मधुमेही मंडळी तिथे निर्धास्तपणे उभी राहतात. गूळ म्हणजेही मुख्यतः तीच उसाची साखर. त्यात थोडी खनिजे असतात, परंतु रक्तातली शुगर चढवण्याच्या बाबतीत तो साखरेहून सौम्य नाही. काकवी, मध, खडीसाखर, ब्राउन शुगर यांचेही तेच. खजुरात तर वजनाच्या साठ-सत्तर टक्के साखर असते, त्यामुळे मिठाईच्या दुकानातली ‘साखर न घातलेली’ खजूर-बर्फी हे नाव खरे असले तरी त्या नावावर विसंबून तीन तुकडे खाऊ नयेत.

तल्लफ आली त्या क्षणी

सवयीची तल्लफ बहुधा पंधरा-वीस मिनिटांत चढते आणि ओसरते. तेवढा वेळ काढणे हीच खरी कृती आहे. पाणी प्यावे. जागा सोडावी, कारण तल्लफ पुष्कळदा त्या खुर्चीला, त्या कपाटाला, टीव्हीसमोरच्या त्या कोपऱ्याला चिकटलेली असते. दहा-पंधरा मिनिटे झपाझप चालावे. जेवणानंतर चालले तर शुगरही उतरते आणि गोडाची ओढही कमी होते, असा दुहेरी लाभ असतो. जेवण झाल्याबरोबर दात घासणे हा साधा उपाय रात्री फार उपयोगी पडतो. भाजलेली बडीशेप, ओवा, एखादी लवंग किंवा वेलदोडा तोंडात ठेवावा. रंगीत साखरेची बडीशेप आणि गुलकंदाचे पान मात्र नको.

एवढे करूनही ओढ राहिली तर ती खरी आहे असे मानावे आणि थोडे खावे. अर्धे सफरचंद किंवा पेरू, चार-सहा बदाम, दालचिनी घातलेले घट्ट दही, भाजलेल्या शेंगा यांपैकी काहीतरी आधी घ्यावे. फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. उन्हाळ्यात रसवंतीगृहाची घुंगरे ऐकू आली की पाय थबकतात हे मला ठाऊक आहे, परंतु मध्यम पेलाभर उसाच्या रसात साधारण २५ ते ३० ग्रॅम साखर असते आणि ती अडवायला चोथा नसतो. तिथे बिनसाखरेचे, मीठ घातलेले लिंबूपाणी मागावे.

आणि खाताना तीन गोष्टी पाळाव्यात: वाटीत काढून, बसून, दिवा लावून. डब्यातून थेट, उभ्याने, अंधारात खाल्लेले किती झाले ते कळतही नाही आणि त्याने समाधानही होत नाही. हा नियम मला माझ्या आईने घालून दिला. ती रात्री दीड वाजता उठून स्वयंपाकघरात आली, माझ्या हातातला डबा काढून घेण्याऐवजी तिने लहान वाटी पुढे केली आणि म्हणाली, “बस आणि खा. दोनच घे, पण नीट खा.” त्या रात्री मी दोनच खाल्ले.

सणावाराचे गोड आधीच ठरवावे

ज्याला गोड वर्ज्य करायचे आहे त्याने जरूर करावे. माझे मत मात्र असे, की ज्या माणसाला पुढची तीस-चाळीस वर्षे गुढीपाडवा, गणपती आणि दिवाळी बघायची आहे त्याने ठरवून, मोजून, अदलाबदल करून खायला शिकणे अधिक टिकाऊ आहे. अदलाबदल म्हणजे गोडाची भर घालायची नाही, ताटातले तेवढेच कर्बोदक काढून त्या जागी ते घ्यायचे.

पुरणपोळीचेच उदाहरण घ्या. मध्यम आकाराच्या एका पुरणपोळीत साधारण दोन साध्या पोळ्यांच्या तोडीची कर्बोदके असतात, कारण कणीक, हरभऱ्याची डाळ आणि गूळ तिन्ही एकत्र आलेले असतात. होळीच्या दिवशी आधी कोशिंबीर आणि कटाची आमटी घ्यावी, मग अर्धी पुरणपोळी तुपाबरोबर, सावकाश खावी. त्या दिवशी भात, कुरडई, पापड आणि साधी पोळी घेऊ नये. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी शुगर पाहावी. आकडा १८० च्या आत राहिला तर आपल्याला अर्धी चालते हे कळले. पुष्कळ वर गेला तर पुढच्या वेळी चतकोर. दुसऱ्याला किती चालते यावरून आपले माप ठरवू नये. पुरण घरी होणार असेल तर गूळ चौथ्या हिश्श्याने कमी करून जायफळ-वेलदोडा थोडा वाढवला तरी पंगतीत बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही.

गणपतीत उकडीचा मोदक भाताच्या जागी धरावा, एक. आंब्याच्या दिवसांत आमरस-पुरी हे सर्वांत कठीण प्रकरण, कारण वाटीभर रसात दोन-तीन आंबे जातात आणि सोबत तळलेल्या पुऱ्या असतात. त्यापेक्षा दुपारी चार वाजता अर्धा हापूस फोडी करून, सोबत थोडे शेंगदाणे घेऊन खावा, जेवणाबरोबर नको. श्रीखंड मोठ्या चमच्याने दोन चमचे, पुरीशिवाय. दिवाळीचा फराळ चार घरांतून येतो आणि टेबलावर राहतो. त्यातला आपला वाटा दिवसागणिक छोट्या डब्यांत काढून बाकीचे डबे नजरेआड करावेत, आणि चिवडा-चकली तिखट असली तरी तीही कर्बोदकेच आहेत हे विसरू नये. संक्रांतीला वाटाण्याएवढा तिळगूळ पुरतो. घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांचेही त्यात समाधान होते.

संकष्टी चतुर्थीविषयी जरा थांबून सांगायला हवे. दिवसभर उपास, दुपारी साबुदाण्याची खिचडी, मग रात्री साडेआठ-नऊच्या पुढे चंद्रोदय होईपर्यंत काही नाही, आणि त्यानंतर एकदम मोदक आणि भरपेट जेवण: मधुमेहासाठी यापेक्षा अवघड दिवस शोधून सापडणार नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे दुपारी शुगर उसळते. संध्याकाळी ती गोळीच्या जोरावर खाली जाऊ शकते, आणि चंद्र दिसेपर्यंत माणूस गोडासाठी कासावीस होतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा उपास करू नये, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत. परवानगी असेल तर राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, लाल भोपळ्याची भाजी, काकडी, दही, ताक असे उपासाचे पदार्थ दिवसभरात तीन-चार वेळा घ्यावेत, आणि रात्री भात न घेता एक मोदक घ्यावा. मध्येच शुगर उतरली तर उपास तिथेच सोडावा. देवाला त्यात काही वावगे वाटणार नाही, असे मी श्रद्धेनेच म्हणतो.

गरोदरपणात मधुमेह निघाला असेल तर हे सगळे नियम अधिक कडक होतात. डोहाळे म्हणून लागणारे गोड आणि डोहाळजेवणातले ताट याविषयी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोलावे, कारण तिथे जेवणानंतर दोन तासांचा आकडा १२० च्या आत ठेवायचा असतो आणि घरच्या अंदाजावर ते सोडता येत नाही.

गोडाचे पर्याय आणि पाकिटावरची अक्षरे

सॅकरीन, अस्पार्टेम, सुक्रालोज, स्टीव्हिया यांच्या गोळ्यांनी किंवा थेंबांनी रक्तातली शुगर वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ही द्रव्ये वापरू नयेत असा सल्ला दिला, मात्र आधीपासून मधुमेह असलेल्यांना त्या शिफारशीतून वगळले होते. माझे मत असे, की चहाची साखर सोडवताना दोन-तीन महिने पूल म्हणून त्यांचा उपयोग करावा आणि पुढे तोही कमी करावा, कारण जिभेची गोडाची अपेक्षा त्यांनी तशीच राहते. अस्पार्टेम उकळल्यावर गोडी गमावते, म्हणून ते चहा गाळल्यावर घालावे.

‘शुगर फ्री’ लिहिलेल्या मिठाईत साखर नसेल, पण खवा, मैदा, बेसन असते. पाकिटामागे घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. पहिल्या तीन-चार नावांत माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप यांपैकी काही दिसले तर ते साखरेचेच भाऊबंद समजावेत. अशा पदार्थांत साखरेऐवजी गोडीसाठी घातलेली माल्टिटॉलसारखी द्रव्ये जास्त पोटात गेली तर जुलाब होऊ शकतात.

गुडमारच्या वेलीचे पान चावले की काही वेळ साखर वाळूसारखी बेचव लागते हे खरे आहे, आणि तल्लफेच्या वेळी काहींना त्याचा उपयोग होतो. त्याची चूर्णे आणि कॅप्सूल मात्र डॉक्टरांना न सांगता सुरू करू नयेत. चालू औषधांबरोबर शुगर जास्त उतरण्याचा धोका असतो.

आग्रह

आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला, बारशाला ‘एकाने काय होतंय’ हे वाक्य ऐकल्याशिवाय सुटका नसते, आणि म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ‘मला डायबेटिस आहे’ असे म्हटले की ओळखीच्या चार माणसांच्या औषधांची चर्चा सुरू होते, म्हणून मी हल्ली नकाराऐवजी मागणी करतो: “काकू, पोळी अर्धीच वाढा, आमटी मात्र दोनदा घेणार आहे.” वाढणाऱ्या हाताला काहीतरी वाढायला मिळाले की आग्रह थांबतो. प्रसादाचा शिरा सुपारीएवढा घ्यावा, कपाळाला लावून खावा. प्रसाद कणभरही प्रसादच असतो. ऑफिसात वाढदिवसाचा केक आला तर एक तुकडा दोघांत वाटून घ्यावा आणि त्या दिवशीची चहाची बिस्किटे सोडावीत.

घरच्यांना एक कळकळीची विनंती आहे. ‘तुला चालतं का ते?’ हा प्रश्न ताटावर, चारचौघांत विचारू नका. पहारा बसला की माणूस चोरून खातो, आणि चोरून खाल्लेले ना वहीत येते ना डॉक्टरांना कळते. त्याच्यासाठी वेगळा, बेचव डबा करण्यापेक्षा सगळ्या घराचा चहा अर्ध्या चमच्याने कमी करा.

एखाद्या दिवशी जास्त खाल्ले गेले तर

ते जाईलच. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नये, कारण उपाशी राहिल्याने संध्याकाळी तीच तल्लफ दुप्पट येते, आणि गोळी घेऊन उपाशी राहिल्यास शुगर उतरते. गोळीची किंवा इन्सुलिनची मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नये. ज्यांना डॉक्टरांनी खाण्यानुसार इन्सुलिन मोजायला शिकवले आहे, टाइप १ असलेल्यांपैकी अनेकांना शिकवलेले असते, त्यांनी शिकवल्याप्रमाणे करावे. त्याच रात्री जमले तर थोडे चालावे, पाणी प्यावे आणि झोपावे. आठवड्यातून अनेकदा हात थांबतच नसेल, पोट दुखेपर्यंत खाल्ले जात असेल आणि मागून रडू येत असेल, तर तो इच्छाशक्तीचा दोष नव्हे. मधुमेहाच्या डॉक्टरांना हे सांगून मानसोपचारतज्ज्ञांची किंवा समुपदेशकाची भेट मागावी. स्टेरॉइड किंवा मनाच्या आजारावरची काही औषधे भूक वाढवतात, तीही अशा वेळी तपासून घ्यावी लागतात.

सकाळी नेहमीच्या वेळी उठून उपाशीपोटीची शुगर पाहावी, ती वहीत लिहावी, शेजारी आदल्या रात्री काय आणि किती खाल्ले तेही प्रामाणिकपणे लिहावे, आणि रोजच्यासारखी उसळ-पोह्यांची न्याहारी करावी. पुढच्या भेटीत ते पान डॉक्टरांपुढे उघडून ठेवावे.